तिसरीच्या मुलांना जात, गरिबी, भेदभाव हे कसं सांगता? (पुणे, सेमी इंग्लिश शाळा)

तिसरी_ब_च्या_बाई:

नमस्कार मंडळी. पुण्यात एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात चाळीसच्या वर मुलं, त्यातली जवळपास चौथाई आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर आलेली. समोरच्या सोसायट्यांमधली आहेत आणि मागच्या वस्तीतली पण आहेत, एकाच बाकावर बसतात, आणि मला मनापासून वाटतं की शहरातल्या शाळेत ही फार मोठी गोष्ट आपल्या हातात असते, कारण ह्या मुलांचे आईबाप एकमेकांच्या घरी कधी चहाला जाणार नाहीत, पोरं मात्र रोज पाच-सहा तास एकत्र असतात.

आता मुद्दा. परवा ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती झाली. दरवर्षीप्रमाणे मुली लुगडं नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून आल्या, पाठ केलेली भाषणं झाली, "लोकांनी शेण फेकलं पण त्या डगमगल्या नाहीत", टाळ्या झाल्या. वर्गात आल्यावर एका मुलाने विचारलं, बाई, पण शेण का फेकलं? मुली शाळेत गेल्या तर त्या लोकांचं काय बिघडत होतं? मी सांगायला लागले की तेव्हा मुलींना शिकू द्यायचे नाहीत, आणि काही जातींमध्ये तर मुलगा असो की मुलगी कुणालाच नाही. लगेच पुढचा प्रश्न, "कुठल्या जाती?" आणि मागून एक मुलगी, "बाई मला माझी जात माहितीय, सांगू?"

मी म्हटलं ह्यावर आपण नीट वेळ काढून बोलू. स्टाफरूममध्ये विषय काढला तर दोघीतिघींचं म्हणणं पडलं की इतक्या लहान वयात जातीचं नाव पण काढू नको. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पालकांची तक्रार आली तर मला उत्तर द्यावं लागेल, जपून.

दुसरी गोष्ट डब्याची. वर्गातल्या एका मुलीची आई सोसायट्यांमधून कचरा गोळा करते आणि त्यातल्याच एका सोसायटीतला मुलगा आमच्याच वर्गात आहे. तिने सगळ्यांना शेंगदाण्याचा लाडू वाटला, ह्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, हिची आई कचऱ्यात हात घालते. तिने काही न बोलता डबा बंद केला, तो मधली सुट्टी संपेपर्यंत उघडलाच नाही. मुलगा खरंच वाईट नाही हो, अभ्यासात कुणी अडलं तर स्वतःहून मदत करतो, घरात ऐकलेलं बोलला. पण त्या मुलीने ते ऐकलं ना.

तर विचारायचंय हे की प्राथमिकला शिकवणाऱ्या तुम्ही लोकांनी हे कसं हाताळलंय. "सगळे समान आहेत" एवढं सांगून काही होत नाही असं मला वाटतं, फळ्यावर सुविचार म्हणून लिहितोच आपण. गोष्टी, उपक्रम, काय बोलायचं काय नाही, पालकांशी कसं बोलायचं, जे असेल ते सांगा.

गोवंडी_प्राथमिक:

बाई, प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलात. मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत आहे, देवनार डम्पिंगच्या बाजूची वस्ती, माझ्या वर्गातल्या अर्ध्या घरांचं पोट भंगार आणि कचऱ्यावर चालतं. तुमच्यासारखी मिश्र मुलं आमच्याकडे नाहीत, सगळीच गरीब, पण भेद त्यांच्यातही असतात. नळाच्या गल्लीतला आणि नळ नसलेल्या गल्लीतला, मुंबईचा आणि "गावाकडून आलेला", आणि जात धर्म तर आहेच.

माझं पहिलं सांगणं हे की गोष्टी आणि उपक्रम नंतर, आधी वर्ग कसा चालतो ते बघा, कारण मूल आपण काय सांगतो त्यापेक्षा आपण काय करतो ते बघून शिकतं. हजेरी आडनावाने घेता की नावाने? मी फक्त नावाने घेतो. आडनाव उच्चारलं की आपल्याकडे निम्मी माहिती बाहेर पडते हे सगळ्यांना माहितीय. स्कॉलरशिपचे फॉर्म आले की "एससीवाले उभे राहा, एनटीवाले हात वर करा" हे अजूनही कित्येक शाळांमध्ये होतं, त्यात शिक्षकाचा वाईट हेतू नसतो, वेळ वाचवायचा असतो, पण आठ वर्षांच्या पोराला सगळ्या वर्गासमोर त्याच्या जातीवर उभं करतो आपण. हे काम पालकांना बोलावून किंवा बंद पाकिटात सहज होतं.

मग झाडू. वर्ग कोण झाडतं? बऱ्याच ठिकाणी मुली झाडतात आणि मुलगे बाक उचलतात. आमच्याकडे पाळी आहे, हजेरी क्रमांकाप्रमाणे, मुलगा असो मुलगी असो, हुशार असो नसो, आणि त्यात माझी पण पाळी असते. मी झाडू घेतला की पहिले काही दिवस पोरं हातातून ओढून घ्यायची, सर तुम्ही नका करू, आता कुणाला काही वाटत नाही. तुमच्या लाडवाच्या प्रसंगाला माझ्या मते ह्याचा उपयोग जास्त होईल, घाण साफ करणारा हात घाणेरडा नसतो हे त्या मुलाने स्वतःच्या हाताने करून बघायला पाहिजे. मधल्या सुट्टीनंतर वर्गातला कचरा ओला सुका वेगळा करायचं काम आठवडाभर गटागटाने द्या, काम झालं की साबणाने हात धुवायचे आणि मग सगळ्यांनी मिळून काहीतरी खायचं. खायचंच, ते महत्त्वाचं आहे.

एक उपक्रम सांगतो, दरवर्षी करतो. पाण्याचा. प्रत्येकाने घरी विचारून यायचं की पाणी कुठून येतं, किती वाजता येतं, किती वेळ येतं, भरायला कोण जातं, पैसे लागतात का. फळ्यावर तक्ता करायचा, नावं नाही लिहायची, फक्त उत्तरं. कुणाकडे पहाटे येतं, कुणाकडे येतच नाही, ड्रम विकत घेतात, कुणाची मोठी बहीण पाण्यामुळे शाळेला उशिरा पोचते. मग गणिताचा तास, ड्रम केवढ्याला, त्यात पाणी किती, म्हणजे एक लिटर केवढ्याला पडलं. आणि महापालिका नळाच्या हजार लिटरला काय घेते ते बिलावरून काढायचं, एक हंडा त्या भावाने केवढ्याला पडेल. पोरांचे डोळे मोठे होतात. "सर म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्याला पाणी महाग?" हे वाक्य दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, मला सांगावं लागत नाही.

त्यानंतर मी त्यांना खरी घडलेली गोष्ट सांगतो, की मुंबईत पाणी हक्क समितीचे लोक हायकोर्टात गेले आणि २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की झोपडी कायद्यात बसत नसली तरी तिथे राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तिसरी चौथीच्या मुलाला हे बरोब्बर कळतं. आणि लोकांनी मागितलं, कोर्टाने ऐकलं, हा भाग सांगाच, नुसतं दुःख सांगून सोडलं तर पोरं हिरमुसून घरी जातात. अर्थात ऑर्डर आली म्हणून सगळ्या गल्ल्यांत नळ आला असं नाही, तेही सांगतो, कारण ती पोरं रोज बघतातच.

कोथरूडकर_बाबा:

मला थोडं वेगळं वाटतं. माझी मुलगी दुसरीत आहे. ७-८ वर्षांच्या मुलांना जात हा शब्द तरी कशाला सांगायचा? आम्ही शाळेत होतो तेव्हा मित्रांची जात कुठली हे आम्हाला दहावीपर्यंत माहीत नव्हतं, फॉर्म भरताना कळलं. आपण सांगितलं नाही तर पुढच्या पिढीत ते आपोआप जाईल. स्वच्छतेचं, पाण्याचं, कामाला कमी लेखू नये हे सगळं पटतं, ते जरूर शिकवा, पण इतिहासातले जुने वाद लहान मुलांच्या डोक्यात घालून उलट दरी वाढेल अशी भीती वाटते. आणि समजा माझ्या मुलीला वाटलं की तिचे पणजोबा खापरपणजोबा वाईट होते, तर? तिचा काय दोष?

वस्तीतली_आई:

कोथरूडकर बाबा, तुम्ही रागावू नका पण तुम्हाला दहावीपर्यंत कळलं नाही ह्याचं कारण तुम्हाला कळायची गरज पडली नाही. मला पहिलीत कळलं. माझ्या मुलाला बालवाडीत कळलं, शेजारच्या मुलाच्या आजीने त्याला पायरीवर बसवून पाणी दिलं, वेगळ्या ग्लासात, प्रेमानेच दिलं हो, पण वेगळ्या. घरी येऊन त्याने विचारलं की माझा ग्लास वेगळा का. आता मी त्याला काय सांगायचं होतं, की तू लहान आहेस, अजून जात शिकायची नाही?

माझा मुलगा आरटीईतून शाळेत आहे. लॉटरीत नाव लागलं तो मेसेज अजून मोबाईलमध्ये ठेवलाय मी. कायदा २००९ चा, पंचवीस टक्के जागा, आम्ही कुणाकडून उपकार घेतलेले नाहीत, पण शाळेत पाय ठेवल्यापासून पदोपदी वाटायला लावतात की घेतलेत. पालकसभेत आमची यादी वेगळी. पुस्तकं बाकीच्यांना पहिल्या दिवशी, आम्हाला "थांबा, शासनाकडून पैसे आले नाहीत". गॅदरिंगला नाचात घेतलं, मग ड्रेसचे पैसे सांगितले, नाही म्हटलं तर त्याला झाडाचा रोल दिला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाची बोलावणी येतात ती सगळ्यांना नसतात हे आठ वर्षांच्या पोराला समजत नाही असं कुणाला वाटतं का?

आणि २०२४ मध्ये सरकारने नियम काढला होता आठवतंय ना, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने आरटीईची मुलं घ्यायची गरज नाही. शहरात एक किलोमीटरमध्ये कुठली ना कुठली शाळा असतेच, म्हणजे शहरातल्या सगळ्या चांगल्या खाजगी शाळांचं दार बंद. पालक कोर्टात गेले, हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैमध्ये नियम रद्द केला. ते तीन-चार महिने आमच्या वस्तीत कितीतरी आया नुसत्या फोनकडे बघत बसल्या होत्या. हे मी का सांगतेय तर बाई तुमच्या वर्गात ही मुलं सोबत बसतात ते आपोआप झालेलं नाही, आणि टिकेलच असंही नाही.

बाई तुम्हाला हात जोडून एकच सांगणं आहे. काय शिकवायचं ते शिकवा, आनंदच आहे, पण आमच्या पोरांचं उदाहरण करू नका. "बघा हिची आई किती कष्ट करते" असं वर्गात म्हटलंत तर तुमचा हेतू चांगला असला तरी ती मुलगी अजून लहान होईल. तिच्या आईला पाहुणी म्हणून बोलवायचं कुणी सुचवेल, तिला स्वतःला यायचं असेल तरच, आणि आधी त्या मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारून. आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावू नका, तो सॉरी म्हणेल आणि ती परत सगळ्यांच्या नजरेत येईल. दोघांशी वेगवेगळं बोला. तिला हे सांगा की त्याने म्हटलं ते चुकीचं होतं, मी ऐकलं, आणि माझ्या वर्गात मी ते चालू देणार नाही. मोठ्या माणसाने हे वाक्य आपल्याला सांगावं असं मला माझ्या शाळेत फार वाटायचं.

निवृत्त_मुख्याध्यापिका:

वस्तीतली आई ह्यांचा प्रतिसाद प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचायला हवा. त्यांच्या शेवटच्या परिच्छेदात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी इतिहासाच्या गोष्टींबद्दल लिहिते कारण आयुष्यभर तेच शिकवलं.

कोथरूडकर बाबा, तुमची काळजी समजते, पण मुलांना इतिहास सांगताना आपण त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. गोष्टीत प्रत्येक मुलाला उभं राहायला जागा असते. शेण फेकणारे होते तसे शाळेला जागा देणारे भिडे पण होते, १८४८ मध्ये बुधवार पेठेत त्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तुमच्या मुलीने ठरवावं ना तिला गोष्टीतलं कोण व्हायचंय.

बाई, शेण का फेकलं ह्याचं उत्तर मी असं द्यायचे. ज्यांना वाचायला येत होतं त्यांना मान होता, जमीन होती, हिशोब त्यांच्या हातात होता. ज्याला वाचता येत नाही त्याला कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागतं. मग सगळ्यांनाच वाचता यायला लागलं तर कुणाला भीती वाटेल? मुलं स्वतः उत्तर देतात. जातीचा उच्चार टाळायचा नाही, पण वर्गातल्या कुणाची जात विचारायची नाही आणि कुणी सांगायला लागलं तर शांतपणे म्हणायचं की ती तुझी खाजगी गोष्ट आहे, वर्गात सांगायची गरज नाही, आणि लपवण्यासारखंही त्यात काही नाही. ही दोन्ही वाक्यं सोबत म्हणायची, एक सोडून दुसरं नाही.

सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण फक्त बाईंची गोष्ट सांगतो, शाळेतल्या मुलींची सांगत नाही. फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची विद्यार्थिनी होती, मांग समाजातली, तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' ह्या नियतकालिकात छापून आला. शाळकरी मुलीचा निबंध, आपल्या लोकांना काय सोसावं लागतं ते तिने त्यात लिहिलं, बाळंतपणात सुद्धा आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी पाऊस कसा सोसत असतील, असं. तिसरीच्या मुलांना तो पूर्ण झेपणार नाही, भाषा जुनी आहे आणि काही भाग फार कठोर आहे, पण "तुमच्यासारख्या शाळेत जाणाऱ्या मुलीने हे लिहिलं आणि मोठ्या माणसांनी ते छापलं" एवढ्यावर मुलं सरसावून बसतात. मग त्यांना विचारा, तुम्हाला काय अन्यायाचं वाटतं ते लिहा, नाव टाकायचं नाही. वहीच्या पानावर जे येतं ते वाचून तुम्हाला वर्षभराचं काम मिळेल. माझ्याकडे एकदा आलं होतं, "दादाला अंडं मिळतं मला अर्धं." आणि एक, "सर हुशार मुलांच्याच वह्या आधी तपासतात." त्या सरांना मी ते पान दाखवलं, त्यांनी दुसऱ्या दिवसापासून वह्यांचा गठ्ठा उलटा करून तपासायला सुरुवात केली.

दुसरी गोष्ट शाहू महाराजांची. २६ जून त्यांची जयंती, आपल्याकडे सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात, शाळा सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असतात त्यामुळे फोटोला हार घालून विषय संपतो. पण त्यांची गंगाराम कांबळेंची गोष्ट लहान मुलांना फार आवडते. गंगाराम संस्थानच्या नोकरीत होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराज बाहेरगावी होते, परत आल्यावर गंगाराम रडत गेले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामना स्वतःचा धंदा कर म्हणून सांगितलं आणि कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल टाकायला मदत केली. आता अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवायचे आणि चहा मागवायचे, आणि बरोबर गाडीत जी बडी मंडळी असतील त्यांनाही तोच चहा. इथे थांबून मुलांना विचारायचं, गाडीतल्या बाकीच्यांना काय वाटलं असेल? नको म्हणता येईल का? मग महाराज गेल्यावर ते परत येतील का? मुलांची उत्तरं ऐका. आणि बाई, तुमच्या लाडवाच्या प्रसंगानंतर ही गोष्ट लगेच दुसऱ्या दिवशी सांगू नका, मुलं जोडतील आणि त्या मुलीकडे वळून बघतील. दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आंबेडकरांची साताऱ्याची शाळा पण आहे, ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांनी तिथे प्रवेश घेतला, तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून असतो. बसायला गोणपाट घरून न्यायचं आणि घरी आणायचं, तहान लागली तर शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. ह्यात सांगणाऱ्याने काही रंग भरायची गरज नाही. तुमच्या वर्गातल्या मुलाला तहान माहितीय, नळ माहितीय.

पालक आणि मुख्याध्यापिका ह्यांच्यासाठी एक आधार सांगून ठेवते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांमध्ये संविधानाची उद्देशिका वाचायची असं शासनाने सांगितलेलं आहे, सामाजिक न्याय, दर्जाची व संधीची समानता हे शब्द त्यात आहेत आणि ती बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. कुणी विचारलं की हे कुठून आणलं, तर पुस्तक उघडून दाखवायचं. बालभारतीने स्वतः २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले होते.

न्यूजर्सीची_मराठी_आई:

हा धागा बघून राहवलं नाही. आम्ही इथे सहा-सात वर्षं आहोत, मुलगा पब्लिक स्कूलमध्ये दुसरीत. फेब्रुवारीत इथे ब्लॅक हिस्टरी मंथ असतो आणि त्याच्या वर्गात रूबी ब्रिजेसची गोष्ट सांगितली. सहा वर्षांची काळी मुलगी, १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्या मुलांच्या शाळेत पहिल्यांदा गेली, रोज मार्शल लोकांच्या पहाऱ्यात, बाहेर मोठी माणसं तिच्यावर ओरडायची. गोऱ्या आईबापांनी आपली मुलं वर्गातून काढून घेतली आणि वर्षभर त्या वर्गात ती एकटी आणि तिच्या बाई, बार्बरा हेन्री म्हणून होत्या, दोघीच. मुलगा घरी आला तो ह्याच विषयावर, आई ती सुट्टीत कुणाशी खेळायची?

आणि मग रात्री झोपताना, आपल्या इंडियात पण असं होतं का?

इथल्या मराठी लोकांमध्ये मी बघते, रूबीची गोष्ट सगळ्यांच्या मुलांना माहितीय आणि चवदार तळ्याची कुणालाच नाही. मी त्याला सांगितलं, की महाडला एक तळं होतं, तिथे जनावरं पाणी प्यायची पण काही माणसांना मनाई होती, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्याने विचारलं, मग लोकांनी त्यांना मारलं का? मी म्हटलं हो, परत जाताना मारलं. खोटं सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं पण तो घाबरला वगैरे नाही. उलट दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना सांगितलं, त्यांनी त्याला वर्गात सांगायला उभं केलं आणि त्या स्वतः नकाशावर महाड शोधत होत्या.

कोथरूडकर बाबा, इथे पण हीच चर्चा चालते, लहान मुलांना सांगायचं की नाही, गोऱ्या मुलांना अपराधी वाटेल वगैरे. रूबीला शाळेत जाताना सहाच वर्षं होती. तिला जे सोसता आलं ते आपल्या मुलांना ऐकता येत नाही असं मला नाही वाटत.

कोथरूडकर_बाबा:

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, वस्तीतली आई ह्यांचा दोनदा वाचला. ग्लासचं वाचून वाईट वाटलं, खरंच. मला अजूनही वाटतं की सांगणारा शिक्षक कसा आहे ह्यावर सगळं अवलंबून आहे, चुकीच्या माणसाने सांगितलं तर उलटं होईल, आणि सगळेच शिक्षक इथल्यासारखे नसतात. पण निदान शाळेने पालकांना आधी सांगावं की आम्ही हे हे शिकवतोय, म्हणजे घरी प्रश्न आला की आम्ही गडबडणार नाही. गंगाराम कांबळेंची गोष्ट मला माहीत नव्हती, आज रात्री मुलीला सांगतो.

तिसरी_ब_च्या_बाई:

काय लिहू, इतकं सगळं मिळालं. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचंय पण आत्ता थोडक्यात.

वस्तीतली आई, तुम्ही सांगितलं तसं त्या मुलीशी एकटीशी बोलले. मी तुमचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं म्हटलं. ती काही बोलली नाही, मान हलवली, आणि जाताना म्हणाली "बाई उद्या पण लाडू आहे." तिच्या आईला बोलवायचा विचार खरंच माझ्या मनात होता, तो सोडला. त्याऐवजी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ह्या कचरावेचकांच्या संघटनेतल्या, दुसऱ्या भागातल्या कुणी ताई येऊ शकतील का हे विचारणार आहे, १९९३ पासून ह्या बायकांनी संघटना बांधली, महापालिकेची ओळखपत्रं मिळवली, पुण्याचा कचरा कुठे जातो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्या शिकवायला येतील, आपली कहाणी सांगून दया मिळवायला नाही, हे मी मुलांना आधीच सांगून ठेवणार.

मुलाच्या आईशी पण बोलले. त्या आधी म्हणाल्या, अहो मुलं काहीही बोलतात. मग मी फक्त विचारलं की घरी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंचं नाव त्याला माहितीय का. त्यांनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या विचारते.

झाडायची पाळी सोमवारपासून लावली, पहिली माझी. हजेरी नावाने. गोवंडी सर, पाण्याचा तक्ता पुढच्या महिन्यात घेते, आमच्याकडे सोसायटीला टँकर आणि वस्तीला एकच स्टँडपोस्ट (सार्वजनिक नळ) असा प्रकार आहे, बघू काय निघतं. मुख्याध्यापिकांना उद्देशिकेचं पान दाखवलं, त्या म्हणाल्या पालकांना आधी पत्र काढू, म्हणजे कोथरूडकर बाबांचा मुद्दा आपोआप मान्य झाला.

आणि एक ठरलंय, तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा आहेच, तर वर्गाला फुले वाड्यात न्यायचं. भिडे वाडा तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, तिथे स्मारक होणार आहे, पण गंज पेठेतल्या घरी १८६८ मध्ये जोतिरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद कुठे होता ते मुलांना तिथे उभं राहून सांगता येईल. आता अडचण अशी की सहलीची बस आणि खाऊ मिळून वर्गणी काढायची शाळेची पद्धत आहे, आणि आरटीईची मुलं नेमकी त्याच दिवशी "आजारी" पडतात. तुमच्या शाळांमध्ये सहलीच्या पैशाचं कसं करता?

गोवंडी_प्राथमिक:

वर्गणी काढूच नका. पीएमपीच्या बसने जा, साधं तिकीट, शाळेच्या खात्यातून सगळ्यांचं एकदम. खाऊ शाळेने द्यायचा, सगळ्यांना तोच, घरून डबा आणायचा नाही त्या दिवशी. आमच्याकडे बेस्टने नेतो, पोरांना बसच जास्त आवडते.

वस्तीतली_आई:

आणि पत्रात "आरटीईच्या मुलांना मोफत" असं लिहू नका बाई. फक्त "सहल मोफत आहे" एवढंच लिहा.